मांडवातला आवाज

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर आणि व्हिडिओ कॅमेरे शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. म्हणजे आपला जिल्हा आणि आपल्या घरातली व्हिडिओ कॅसेट जवळपास एकाच वयाची. या जिल्ह्याचं लहानपण कुठे पाहायला मिळेल, असं मला कुणी विचारलं तर मी सरकारी कागद दाखवणार नाही. अंबडपासून मंठ्यापर्यंत घराघरांच्या माळ्यावर, लोखंडी पेट्यांत आणि दिवाणाखाली पडलेल्या काळ्या कॅसेटींकडे बोट दाखवीन.

लग्नात ‘शूटिंग’ असणं तेव्हा मानाचं होतं. कॅमेरा खांद्यावर घेतलेला शूटिंगवाला पुढे आणि हॅलोजनचा दिवा धरून लांबलचक वायर ओढत चालणारा त्याचा पोऱ्या मागे. तो उजेड पंगतीवर पडला की वाढपी थबकायचे, बाया पदर सावरायच्या, म्हातारी माणसं हात जोडून ताठ बसायची. एरवी आयुष्यात ज्यांचा दोनचार वेळाच फोटो निघाला, अशी किती माणसं त्या उजेडातून गेली असतील! सालगडी, बोहारीण, वाजंत्री, लांबच्या नात्यातली विधवा मावशी. अल्बममध्ये यांना जागा नसायची. कॅसेटीत मात्र ती सगळी आहेत, कारण कॅमेरा पंगतीवरून सरकत जायचा आणि सरकताना कुणाला वगळायचा नाही.

पण घरी आलेल्या कॅसेटीत एक मोठी उणीव असायची. शूटिंगवाला ‘मिक्सिंग’ करून द्यायचा. मांडवातला खरा आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी चढवायची आणि नवरा-नवरी एका बदामात फिरवायची. आम्हाला तेव्हा त्याचं अप्रूप वाटायचं. आज वाटतं, त्या गाण्यांखाली घरातली सगळी बोलणी गाडली गेली. गाणी आजही कुठेही मिळतात. मंगलाष्टकं म्हणताना आजोबांचा भरून आलेला गळा कुठे मिळणार?

म्हणूनच आमच्या आत्याच्या लग्नाची मिक्सिंग न केलेली मूळ कॅसेट हाती लागली, तेव्हा मला धन सापडल्याचा आनंद झाला. पण नुसती कॅसेट हाती असून भागत नाही. तिच्या आत अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी असते आणि त्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा तापतो, पावसाळ्यात तोच दमट होतो. वर्षानुवर्षं हे चाललं की ते चिकट द्रव्य हवेतली ओल धरून सैल पडतं, आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा थर सुटू लागतो. चित्र पट्टीवर तिरप्या रेघांत साठवलेलं असतं. आवाज मात्र पट्टीच्या अगदी काठाने एका सरळ रेघेत असतो. काठ चुरगळला की आधी जातो तो आवाज.

कॅसेटच्या छोट्या खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीवर पांढरट बुरशी दिसत होती. अशी कॅसेट तशीच मशिनीत घातली तर बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. ती आधी जाणकाराकडून साफ करून घेतली. चालू व्हीसीआर मिळवणं हे त्याहून अवघड. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. जुन्या मशिनींचे रबरी रोलर कडक होतात, पट्टे सैल पडतात, हेड झिजतात. आणि मशीन मिळालं तरी घाई चालत नाही: तीन तासांची कॅसेट डिजिटल करायला तीनच तास लागतात. ती चालत असताना समोर बसून राहावं लागतं. मला तर हा या कामातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवत गेलो तशी पडद्यावरची थरथर खाली सरकली. अंगण दिसलं. मुंडावळ्या बांधलेली आत्या पाटावर बसलेली, मागे भिंतीला टेकवलेली बाज, कोपऱ्यात रुखवताचे लाडू मांडणाऱ्या बाया. कॅमेरा आत्यावरच होता. आणि कुठूनतरी, चौकटीच्या बाहेरून, आजीचा आवाज आला: “काहून उभी राह्यली गं? पाव्हण्यायला पाणी दे!” ती दिसली नाही. पण त्या एका वाक्यात ती सगळीच होती: तिची लगबग, तिचा दरारा, लग्नघराची तिला लागलेली काळजी. आमच्या घरात आता कुणी ‘पाव्हण्यायला’ म्हणत नाही. शाळेने, टीव्हीने, शहराने आमची जीभ घासून गुळगुळीत केली. ही बोली कुठे जिवंत असेल तर ती त्या पट्टीच्या काठावर, त्या सरळ रेघेत.

पुढे नवी जोडी अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला निघते, तेव्हा गाडीच्या खिडकीतून काही क्षण मोसंबीची बाग दिसते. हिरवीगार, फळांनी वाकलेली. शूटिंगवाल्याने ती मुद्दाम टिपलेली नाही. कॅमेरा चालू राहिला, एवढंच. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं स्वतःच्या हाताने तोडली. त्यांत ही बागही गेली. आता ती फक्त या कॅसेटीत आहे.

आत्याला हे सगळं दाखवलं. तिने स्वतःकडे पाहिलंच नाही. ती मागची माणसं ओळखत बसली: ही आपली गंगाकाकू, हा मामाचा सालगडी, ही पोर पुढे बाळंतपणात गेली. मी वही घेऊन लिहीत होतो, कोणत्या मिनिटाला कोण. काही चेहऱ्यांपाशी ती अडली आणि म्हणाली, “आई असती तर सांगितलं असतं.” चित्र कितीही स्वच्छ निघालं तरी नाव सांगणारं माणूस उरलं नाही, तर तो चेहरा अनोळखी होतो. मशीन पट्टी वाचतं. माणसं वाचायला माणूसच लागतं.

कुणीतरी मोठं हे सांभाळेल, या भरवशावर राहता येत नाही. १९३१ साली मुंबईत झळकलेल्या ‘आलम आरा’ची, भारताच्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या चित्रपटाने देशाला पडद्यावर बोलतं केलं, त्याचाच आवाज हरवला. २०१९मध्ये युनेस्कोने चुंबकीय फितींबद्दल जगाला सावध केलं: २०२५च्या सुमारास त्या वाजवणारी यंत्रंच मिळेनाशी होतील आणि फितींवर असलेलं सगळं कायमचं हातचं जाईल. हा इशारा मोठ्या संग्रहांसाठी होता, पण आपल्या दिवाणाखालच्या पेटीलाही तो तितकाच लागू आहे.

म्हणून हात जोडून सांगतो. कॅसेटी काढा. पाठीमागची छोटी टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मिक्सिंग न केलेली कॅसेट घरात, नातेवाइकांकडे किंवा जुन्या फोटोवाल्याकडे आहे का, विचारा. डिजिटल करताना कंटाळवाणा वाटला म्हणून एकही भाग कापू नका. रिकामं अंगण, मागची कुजबुज, सगळं राहू द्या. एक प्रत घरी, एक दुसऱ्या डिस्कवर, एक परगावच्या भावंडाकडे ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही प्रत धरू नका, तिथे चित्र चिरडलं जातं. मूळ कॅसेट टाकू नका. आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला पडद्यासमोर बसवा, हातात वही घ्या आणि विचारा, हे कोण? कॅसेट कदाचित आणखी एखादं वर्ष थांबेल. ते माणूस थांबेलच असं नाही.