वाचणे

भुतांच्या गोष्टींची आवड असणाऱ्याने मराठीचा प्राध्यापक होऊ नये. आणि झालाच, तर ती आवड कोणाला कळू देऊ नये. मी या दोन्ही चुका केल्या आहेत. परवा माझ्या टेबलावर नारायण धारपांची 'लुचाई' पडली होती, तर एका सहकाऱ्याने ती मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली.

धारपांची (१९२५-२००८) आणि माझी ओळख शाळेतली. चंद्रपूरच्या वाचनालयातून पुस्तक आणावे, वीज गेली की कंदिलाशी वाचावे आणि मग अंगणात जायला धाकट्या बहिणीला झोपेतून उठवावे, असा क्रम असे. गेल्या वर्षी, चाळिशी उलटल्यावर, मी मिळतील तितके धारप पुन्हा वाचायला घेतले. म्हटले, आता कसली भीती! पण ती वाटलीच. 'लुचाई' काय, 'शपथ' काय, मूळ आधार स्टीफन किंगचा. पण जुना वाडा, वारसाहक्काचे कागद, एखादी बंद खोली असा ओळखीचा संसार मांडून धारप त्यात भयाचा एकच थेंब टाकतात, आणि सगळे पाणी गढूळ होते.

वर्षभराच्या वाचनातून मी एक सिद्धांतही काढला. धारपांच्या जगात एकट्या माणसाला फक्त पुस्तक वाचता येते. जीव वाचायला दुसरा माणूस लागतो. 'शपथ'मध्ये मुलांचा घोळका असतो, इतरत्र समर्थ धावून येतात.

या सिद्धांताची परीक्षा चैत्रात झाली. वैनगंगेपलीकडच्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याला मी समर्थांच्या कथांचे पुस्तक दिले होते. ते परत करताना तो म्हणाला, "आमच्याकडं समर्थ नाही येत जी."

"म्हणजे?"

"माय पहाटे मोहा वेचाले जाते."

मी गप्प झालो. मोहाची फुले रात्री गळतात. उन्हे आणि गुरे यायच्या आत ती वेचावी लागतात. बाया घोळक्याने निघतात खऱ्या. पण झाडे घरोघरची वेगळी, तेव्हा झाडाखाली ज्याची ती एकटीच. आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा वाटतो, असे जंगलातले जाणते सांगतात. इथे भीतीला वाडा लागत नाही, अमावास्या लागत नाही.

"मग हे सगळं तुला खोटं वाटलं असेल," मी ओशाळून म्हटले.

"खोटं हाय जी. पन त्यात कोनीतरी येते." मग जरा थांबून म्हणाला, "आता मी जातो मायसंगं. ते वेचते, मी तिच्या पाठीशी उभा राहून बॅटरीच्या उजेडात मोठ्यानं वाचतो. मानसाचा आवाज असला की बरं राहते."

"काय वाचतोस?"

"हेच पुस्तक जी."

"आणि माय ऐकते?"

"आयकते तर! एक दिवस फुलं वेचून झाली, तरी उठेना. म्हने, थांब, त्या पोराचं काय झालं ते सांग आधी." तो हसला. "हे सरलं जी. दुसरं द्या."

मी कपाटातले सर्वांत जाड पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवले. मोहाचा हंगाम अजून पंधरा दिवस तरी चालणार होता.