पाण्यासारखंच हवेलाही गाळणं



थंडी पडली की आमच्या महिला मंडळात खोकल्याचा विषय निघतोच. यंदा त्यातून प्रश्न आला, घरात एअर प्युरिफायर घ्यावा का? आमच्याकडे तो गेल्या वर्षी आला, ह्यांच्या दम्यासाठी. पुण्यात आमच्या इमारतीसमोर बांधकाम चालू आहे. थंडीत ह्यांना पहाटे तीनला धाप लागून उठून बसावं लागे. यंत्र घेण्याआधी मी महिनाभर वाचलं, डॉक्टरांना विचारलं, हिशेब मांडला. तेच आज सांगते.

यंत्र म्हणजे एक पंखा आणि त्याच्यापुढे दोन-तीन गाळणी. पहिली जाळी केस, कापडाचे तंतू, जाड धूळ अडवते. ती आपल्याला धुता येते. दुसरं हेपा फिल्टर, बारीक तंतूंचा, घड्या घातलेल्या कागदासारखा. खऱ्या हेपाची कसोटी अशी की ०.३ मायक्रॉनच्या शंभर कणांपैकी ९९.९७ अडकले पाहिजेत. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

हे काम पिठाच्या चाळणीसारखं चालत नाही. मोठे कण हवेबरोबर वळता न आल्यामुळे तंतूंवर आदळतात. मधले तंतूंना घासून जाताना चिकटतात. अगदी बारीक कण सरळ जातच नाहीत, इकडेतिकडे भरकटतात आणि कुठेतरी अडकतात. म्हणून ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सर्वांत अवघड, त्याहून लहान उलट सोपा. धूळ, परागकण, बुरशीचे कण, जिवाणू, खोकल्याच्या तुषारांतले विषाणू, सगळं यात येतं. तिसरं गाळणं कोळशाचं. ते वास आणि काही वायू शोषून घेतं, पण भरलं की निकामी होतं.

आता काय होत नाही तेही ऐका. कार्बन मोनॉक्साइड यातल्या कशानेच जात नाही. म्हणून न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर खिडकी उघडी हवीच. शेजारी बसलेल्याचा खोकला यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी आपल्यापर्यंत पोहोचतो. आणि इनहेलर बंद करायचा नाही, हे डॉक्टरांनी ह्यांना दोनदा बजावलं. ह्यांचं पहाटेचं उठणं कमी झालंय. त्यात यंत्राचं श्रेय किती, औषधाचं किती, हे मी वेगळं काढू शकत नाही.

दुकानातला मुलगा मात्र महागडं यंत्र पुढे करत होता. "काकू, यात यूव्ही दिवा आहे, जंतू जागच्या जागी मारतो." इथे मी थांबले. एकतर, जंतू मरायला त्याच्यावर तो प्रकाश पुरेसा वेळ पडावा लागतो आणि घरगुती यंत्रातून हवा क्षणात निघून जाते. शिवाय काही यंत्रं ओझोन सोडतात. त्याने फुप्फुसांना त्रास होतो, दमा असलेल्याला तर फारच.

दुसरं कारण आपलं. माझ्या सासूबाई पाणी दुहेरी कापडाने गाळत आणि गाळण्यावरची जिवाणी हळुवार परत विहिरीत सोडत. हवेच्या गाळण्यात अडकलेले जीव तसे परत सोडता येत नाहीत, ते तिथेच सुकून संपतात. म्हणून या यंत्राला मी अहिंसक म्हणणार नाही. पण आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल, झाडू, धुणं यांत होते ती आरंभी. गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, यत्नाने कमी करता येते. आजारी माणसाला श्वास मिळावा म्हणून हवा गाळणं मी त्यात धरते. मारण्यासाठी म्हणूनच लावलेला दिवा मला नको होता. सुदैवाने तब्येतीचा आणि धर्माचा हिशेब एकाच बाजूला पडला.

आता पैशाचा हिशेब. बी.कॉम. झालेल्या बाईला तो सुटत नाही! आमची खोली १२ बाय १०, उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी तर १७० घनमीटर लागतात. खोक्यावर सीएडीआर म्हणून हा आकडा असतो. तो बहुधा सर्वांत जोराच्या वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून वेग कमी ठेवतो, तेव्हा काम कमी होतं. म्हणून थोडा मोठाच आकडा घ्या. वीज फार नाही. ४० वॅटचं यंत्र रोज १० तास चाललं तर महिन्याला १२ युनिट. खरा खर्च फिल्टरचा. यंत्र एकदाच घ्यायचं, फिल्टर पुन्हा पुन्हा. म्हणून फिल्टरची किंमत आधी विचारा, किती महिन्यांनी बदलायचा तेही.

पण घरातच धूर करायचा आणि मग तो गाळत बसायचा, हा तोट्याचा धंदा. फोडणी देताना एक्झॉस्ट फॅन लावा. कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, आधी जीवजंतू पाहून. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावा, त्यात डासही वाचतो. देवघरातली अगरबत्ती आम्ही बंद केली. हे म्हणाले, "अगं, पन्नास वर्षांची सवय आहे." मी म्हटलं, "अहो, भाव काही धुरात नसतो." दोन दिवस गप्प होते, मग स्वतःच पुडा मंदिरात देऊन आले.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल आणि बाहेर धूळ असेल, तर झोपायच्या खोलीपुरतं एक साधं हेपाचं यंत्र जरूर घ्या. नसेल, तर आधी धूर कमी करा. बाहेरची धूळ बसलेली असेल तेव्हा खिडक्या उघडा. त्याला पैसे पडत नाहीत.