घड्याळाच्या नावाचा भात

मूलला जातेय म्हटलं की पहिला प्रश्न, 'ताडोबा का?' नाही हो! चंद्रपूरपासून साधारण ४५ किलोमीटरवरच्या या गावात मला वाघापेक्षा धानाच्याच गप्पा जास्त ऐकायला मिळाल्या. सभोवती जंगल, मध्येमध्ये बांध्या आणि रस्त्याला लागून राइस मिल्स. दुकानात शिरलात की विचारतात, 'कोनता पायजे जी? जय श्रीराम का एचएमटी?'

एचएमटी? हो, तेच घड्याळवालं!

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे (मराठवाड्यातलं नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले, जमीन दीडेक एकर. १९८३ साली त्यांच्या शेतात 'पटेल ३' हे वाण उभं होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. पटेलांनी तयार केलेलं, म्हणून पटेल. त्यात दादाजींना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी कित्येक वर्षं. दाणा बारीक निघाला, भात चवीला मस्त. बाजारात गेल्यावर व्यापाऱ्याने तेव्हाच्या फेमस घड्याळाचं नाव चिकटवलं. पटेलांच्या वाणाला पटेलांचं नाव, आणि दादाजींच्या वाणाला एका कंपनीचं! मला हे खटकतंच.

मग गंमत बघा. विद्यापीठातून शेतात आलेलं बी परत विद्यापीठाकडे निघालं. १९९४ साली सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं 'पीकेव्ही-एचएमटी' आलं. विद्यापीठ म्हणतं, आम्ही बियाणं शुद्ध केलं. दादाजी म्हणायचे, मला श्रेय मिळालं नाही. शुद्धीकरण हेही काम आहेच, मान्य. पण लोंबी आधी कुणाला दिसली?

शेतकऱ्याचं वाण शेतकऱ्याच्याच नावे नोंदवता येईल, असा कायदा देशात २००१ साली झाला. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती कलामांच्या हस्ते मिळाला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय त्याआधीच, २०१६ मध्ये झाला होता. तांदूळ मात्र जोरात खपतोय.

एचएमटीनंतरही दादाजींनी बरीच वाणं काढली. त्यातल्या एकाचं नाव 'डीआरके'. म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे.