ध्वनिवर्धकाविना

पन्हाळ्यावर पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसायचा. देवळातलं भजन त्यासाठी थांबत नसे. कर्णा बंद पडला की वीणेची तार, टाळांचा किणकिणाट आणि पखवाजाची घुमार वेगवेगळी कानावर यायची. आवाज कुठून निघतो हे कानाला कळण्याची गोडी मला तिथे लागली.

पुढे वडिलांबरोबर एसटीने कोल्हापूरला, देवल क्लबच्या बैठकींना जाऊ लागलो. 1883 पासूनची ही संस्था. गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या वास्तव्याने या गावाचे कान तयार झालेले. जाणकार मंडळी तानपुऱ्याजवळची जागा धरून बसत. दमट हवेत तारा उतरत. गायक मान कलती करून खुंटी पिळायचा, मणी सरकवायचा, जवारीचा दोरा केसभर हलवायचा. मग खर्जाच्या तारेतून, कुणी छेडलेला नसताना, गंधार बोलू लागायचा. तो फार बारीक असतो. समोरचा ध्वनिक्षेपक मोठा केला की आधी तोच बुडतो.

नोकरीसाठी मुंबईत आल्यावर एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला गेलो. हा वाद्यवृंद 2006 साली उभा राहिला. मंचभर वादक, आणि वादनासाठी ध्वनिवर्धक नाही. ओबोने एक लांब स्वर धरला, सगळे त्याला मिळवून घेऊ लागले, आणि मला परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटेना.

त्या संध्याकाळी बेथोव्हनची सातवी सिम्फनी होती. दुसऱ्या भागात व्हायोला, चेलो आणि डबल बास अगदी दबक्या आवाजात चाल सुरू करतात. मग व्हायोलिनचा एक गट ती उचलतो, त्यानंतर दुसरा. एकेका गटाचा हात लागतो तसा नाद चढत जातो, आणि शेवटी सगळा वाद्यवृंद त्यात असतो. श्वास रोखून ऐकलं. 1813 मध्ये व्हिएन्नात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोत्यांनी याच भागाला वन्स मोअर दिला होता! आता दोन भागांमध्ये टाळीसुद्धा वाजवत नाहीत. मला ते जड गेलं. चांगल्या जागेला दाद तिथल्या तिथे द्यावी, याच संस्कारात मी वाढलो.

ध्वनिवर्धकाविना गाण्याची रीत आमच्याकडेही होती. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर शाहू महाराजांच्या काळात, 1915 मध्ये झालं. पुढे त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. त्यांच्या पिढीचे नट शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचत. ऑगस्ट 2024 मध्ये हे नाट्यगृह आगीत जळालं, तेव्हा पन्हाळ्यापासून मुंबईपर्यंत आम्ही सगळे हळहळलो.

कोल्हापुरातल्या आयोजकांना माझी विनंती आहे: पुनर्बांधणीनंतर या रंगमंदिरात वर्षातून एक मैफल तरी ध्वनिवर्धक बंद ठेवून करा. खुर्च्या कमी मांडा, पंखे थांबवा आणि तानपुरे पुढे आणा. आम्ही गडावरून येऊ.