माधुकरीची घरे

वाशीम शहराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लाविला तोही याच नगरीत. हे सारे आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु ‘गुल्म’ म्हणजे झुडूप, आणि ज्या गावाच्या नावातच झुडूप आहे तेथील आमच्या परसात एकही रानझुडूप उरले नाही, हे ध्यानात आणून देण्यास भोपळ्याचा एक वेल कारण झाला.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही परस ‘सुधारले’. निर्गुडी तोडली, आघाडा उपटला, निम्म्या जागेत फरशी बसविली आणि रोपवाटिकेतून दाट पाकळ्यांचा झेंडू व बोगनवेल आणून लाविली. त्या वर्षी भोपळ्याचा वेल मांडवभर पसरला, फुलेही पुष्कळ आली. पण फुलामागचे कोवळे फळ पिवळे पडून गळे. शेवटी एके सकाळी सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, यंदा फुलांवर एक माशी म्हणून दिसत नाही हो!”

निदान बरोबर होते. भोपळ्याची नरफुले व मादीफुले निराळी. पराग जड व चिकट, वाऱ्याने जात नाही. आणि फूल उमलते पहाटे व मिटते दुपारच्या आत. तेवढ्या अवधीत माशी आली तर फळ, नाही तर नाही.

मग माश्या गेल्या कोठे, हे पाहण्यास भाद्रपदातील एका सकाळी आम्ही पद्मतीर्थावरून निघून शिवाराची वाट धरिली. दुतर्फा सोयाबीन. पुष्कळ ठिकाणी तणनाशकाने शेताचे धुरेदेखील करपून तांबूस झालेले. एका आप्ताच्या शेताचा धुरा मात्र वडिलांच्या वेळेपासून तसाच राखलेला. तेथे तेरडा, तुंबा, केना, तरवड अशी दाटी होती आणि तीवर गुंजारव चालला होता. मोठा काळा भुंगा तरवडाच्या पिवळ्या फुलास मिठी मारून एकदम घूं करी. या फुलाचे परागकोश केवळ टोकाच्या छिद्रातून उघडतात. भुंग्याने अंग थरथरविले म्हणजे पराग झडतो. अमरकोशातील ‘द्विरेफ’ शब्द आम्ही जन्मभर शिकविला. ‘भ्रमर’ या शब्दात दोन रेफ आहेत म्हणून तो द्विरेफ. त्याच्या उद्योगाकडे मात्र तासभर उभे राहून पाहिले ते त्या दिवशी प्रथमच!

आमचे तीर्थरूप विद्यार्थिदशेत माधुकरी मागून शिकले. ते सांगत की, नेमलेल्या घरांपैकी एक दार बंद झाले तरी त्या दिवशी पोट अर्धे राही. मधुकराची वृत्ती ती माधुकरी. मग खुद्द मधुकराची अवस्था निराळी कशी असेल? भाद्रपदात बहर आणि वैशाखात उपास, हे त्यास चालत नाही. म्हणून फुलझाडे निवडिताना रंगाआधी पंचांग पाहावे आणि प्रत्येक ऋतूत निदान दोन दारे उघडी ठेवावी, असे आम्ही ठरविले.

वर्षाकाली तेरडा व तुंबा. शरदात तरवड व कुंपणाची बोर. थंडीत पिवळी कोरांटी व अडुळसा. चैत्रात शेजारचा कडुनिंब. आणि ऐन उन्हाळ्यात रुई. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक, म्हणून ती मुलांच्या वाटेपासून दूर असावी. तिच्या पानांवर पट्टेदार अळ्या दिसल्यास मारू नयेत. त्यांचीच पुढे केशरी फुलपाखरे होतात. निर्गुडी पुन्हा लाविली. कालिदासाने पार्वतीच्या अंगावर मोत्यांच्या जागी जो सिंदुवार घातला तो हाच. त्यावर कोयता चालविताना आम्हांस त्याची आठवण राहिली नव्हती!

घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, परंतु ती अमेरिकेतून आलेली असून पसरली की इतरांस जागा देत नाही, ती टाळावी. झेंडूही मूळचा तिकडचाच. दसऱ्याच्या तोरणाचा मान त्याचा कोण काढील? पण लावावा तो एकेरी पाकळीचा. दाट पाकळ्यांच्या फुलात माशीच्या हाती फारसे काही लागत नाही.

अडुळसा व निर्गुडी यांच्या फांद्या पावसाळ्यात रोवाव्या. तरवडाचे बी रात्रभर भिजवून पेरावे. तेरड्याची बोंडे तडकण्यापूर्वी बी धरावे; मात्र धुऱ्यावरून घ्यावे ते थोडेच. कित्येक रानमाश्या उघड्या मातीत बीळ करून राहतात. म्हणून आम्ही फरशीच्या दोन ओळी उखडल्या. फवारणी अर्थातच बंद.

पहिल्या वर्षी विशेष काही घडले नाही. दुसऱ्या वर्षी वेलावर तीन भोपळे धरले. बाजारभावाने हिशेब केला तर मेहनत आतबट्ट्याचीच ठरेल. परंतु महालक्ष्म्यांच्या नैवेद्यास घरचा भोपळा चिरला गेला, आणि पत्रीसाठी आघाडा आणावयास नात बाजारात न जाता परसात गेली. परत येऊन म्हणाली, “आजोबा, तिथं आधीच कोणीतरी जेवायला बसलंय!”