ऐकण्याची भूमिका

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी अभिनयाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये मोठा हशा पिकला. सौ. म्हणाली, "घरातली नाटकं कमी पडली वाटतं!" पण माझ्या मनात एक सल होता. वीस वर्षं मी 'एकच प्याला' शिकवीत आलो होतो. सिंधूचं दुःख मी फळ्यावर मुद्दे मांडून समजावून देत असे, आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी तोंडापुढं वही धरून जांभई देत असे. म्हटलं, वाक्य बोलायचं कसं, ते तरी शिकून घ्यावं.

पण पहिल्याच दिवशी वाट्याला काय आलं? बापाची भूमिका! मुलगी येऊन सांगते, "मला इंजिनिअरिंग सोडायचं आहे." त्या साऱ्या प्रवेशात बापाला एकही वाक्य नाही. तासभर अखंड बोलण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला ही केवढी शिक्षा! तरी मी कसर ठेवली नाही. भुवया उंचावल्या, मान हलविली, एक सुस्काराही सोडला. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेले आमचे मास्तर शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही ऐकत नाही आहात. उत्तर तयार करता आहात."

वाचकहो, ते वाक्य मला लागलं. माझी स्वतःची मुलगी पुण्यात शिकते, आणि तिचा फोन दोन मिनिटांच्या वर कधी जात नसे.

केशवराव भोसल्यांचा जन्म १८९० साली आमच्या कोल्हापुरातच झाला. त्यांना कुठला आला अभिनयाचा वर्ग? लहानपणीच ते 'स्वदेशहितचिंतक' मंडळीत गेले. त्या काळी नाटक मंडळी हीच शाळा. पोरांनी विंगेत उभं राहायचं आणि मोठ्यांचं ऐकायचं. पुढं १९०८ साली हुबळीस त्यांनी 'ललितकलादर्श' काढली. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त ते धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. असे दोन गळे समोरासमोर आले, म्हणजे एक गात असताना दुसऱ्यानं काय करायचं? ऐकायचं!

शाहू महाराजांनी बांधविलेल्या पॅलेस थिएटरला पुढं याच केशवरावांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गातले सारे खासबागेपाशी जाऊन मुकाट्यानं उभे राहिलो. घरी परतलो, तो मुलीचा फोन. आयुष्यातलं पहिलं बालनाट्य तिनं तिथंच माझ्या मांडीवर बसून पाहिलं होतं.

ती रडत होती. सांत्वनाची चार सुरेख वाक्यं माझ्या ओठांवर आली. मास्तर आठवले, ती गिळून टाकली. नाट्यगृहावरून ती वसतिगृहावर आली, तिथून अभ्यासावर, आणि सहा महिने मनात कोंडलेलं सारं हळूहळू सांगू लागली. मधेच थबकली.

"बाबा, आहात ना?"

"आहे. बोल."

त्या रात्री माझ्या वाट्याला एवढीच दोन वाक्यं होती. ती मात्र मला पाठ करावी लागली नाहीत.