भाड्याची शांतता

आमच्या चिखल्यात शांतता नाही, असे मी म्हटले तर पाहुण्यांना पटत नाही. मुंबईचा माणूस किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात येऊन उभा राहतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "काय शांत आहे हो तुमच्याकडे!" त्याला भरतीची गाज ऐकू येत नाही, घोलवडकडे धडधडत जाणारी गाडी ऐकू येत नाही, की भातकापणीच्या दिवसांत पाड्यावरून येणारा तारपाही ऐकू येत नाही. आणि हे सगळे आवाज परवडले. माणसांचे त्याहून मोठे! आमच्याकडे दिवसा पुढचे दार लावण्याची रीत नाही. "बाई, आहात का?" असे विचारणारा माझ्या उत्तराआधीच ओटीवर टेकलेला असतो. सकाळी बालवाडीतली चाळीस पोरे आणि दुपारी ही ओटी, यांच्यामधल्या फटीत बसून मी कादंबऱ्या लिहिल्या.

तेव्हा गेल्या मे महिन्यात भाचीने लंडनला बोलावले, तेव्हा मला टॉवर ब्रिजपेक्षा तिच्या घराचेच आकर्षण अधिक होते. ब्रिटिश म्युझियमपासून पायी दहा मिनिटांवर, ऐन शहराच्या पोटात, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची भाड्याची जागा. खिडक्यांना दुहेरी काचा. खाली रस्त्यावरून लाल बसगाड्या जात, पण त्या चित्रातल्यासारख्या, मुक्या! भाची सकाळी कामावर गेली की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती. रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत शेजाऱ्याला त्रास होईल असा आवाज करू नये, असा तिथे कायदाच आहे. दिवसाही जिन्यात भेटलेला माणूस मान लववतो आणि जातो. कोण, कुठले, कोणाकडे आलात, काही नाही!

पहिले दोन दिवस मला ही शांतता खायला उठली. तिसऱ्या दिवशी मात्र मी वही उघडली. चार तास लिहीत होते. कोणी हाक मारली नाही. असे सुख मला कधी मिळाले नव्हते, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचे ऐकून वाटेल की बाई उगीच नाक मुरडताहेत.

रात्री जेवताना मी भाचीला म्हटले, "नशीबवान आहेस. एवढी निवांत जागा कशी मिळाली तुला?"

ती हसली. मुंबईत आणि पुण्यात तिने खोलीसाठी किती उंबरे झिजवले, ते मला ठाऊक होते. आडनाव काय, मासळी खाता का, लग्न झाले का, या तीन प्रश्नांत तिची जागा येत आणि जात असे. ती म्हणाली, "मावशी, इथे माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारतात, अर्थ विचारत नाहीत."

मग तिने पुढची गोष्टही सांगितली, कारण पोर खरे बोलणारी आहे. इथेही सगळे आलबेल नाही. 1950च्या दशकात गोऱ्या नसलेल्या माणसांनी चौकशीला येऊ नये, अशा पाट्या याच शहरातल्या खिडक्यांत लागत. घर भाड्याने देताना वर्ण पाहू नये, असा कायदा व्हायला 1968 साल उजाडले. आणि 2016पासून भाडेकरूला या देशात राहण्याचा हक्क आहे की नाही, हे कागद पाहून ताडण्याचे काम घरमालकांवरच टाकले आहे.

रविवारी तिने मला किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर दाखवायला नेले. चॉक फार्म स्टेशनवर उतरून थोडे चालले की प्रिमरोज हिलच्या अंगाला हा रस्ता लागतो. 1921-22 साली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये शिकत असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात भाड्याने राहत होते. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले. पुढे तिथे संग्रहालय करण्यावरून वाद झाला. लोकांची ये-जा वाढून रस्त्याची शांतता मोडेल, अशी काही शेजाऱ्यांची तक्रार होती. 2018 साली तिथल्या कौन्सिलने परवानगी नाकारली; 2020च्या मार्चमध्ये अपिलात ती मिळाली.

मी त्या दाराशी उभी होते आणि मला आठवत होते दुसरेच घर, बडोद्याचे. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी सराईत, पारशी नाव लावून, रोज दीड रुपयाने ते राहिले. वरचा दिवाणखाना अडगळीने भरलेला, उजेड नाही, सोबतीला वटवाघळे. दुसरा एकही मुशाफर नाही. शांतता म्हणाल तर तिथे हवी तेवढी होती! अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे जिना चढून आली आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही अडचण सांगितली. मग बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले. हे सारे त्यांनीच लिहून ठेवले आहे. बडोद्याहून मुंबईचा तो लोहमार्ग आमच्या घोलवडवरून जातो. म्हणजे ती गाडी आमच्या गावाजवळून, अंधारातून, धडधडत गेली असणार.

दोन्ही ठिकाणी तोच भाडेकरू आणि तेच पुस्तकांचे वेड. फरक एवढाच की एका खोलीत जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला छाती धडधडावी, आणि दुसरीत पान उलटावे. आवाज नसणे म्हणजे शांतता, अशी माझी समजूत दुहेरी काचांनी करून दिली होती. पण दार ठोठावून "तू कोण?" असे कोणी विचारणार नाही, या भरवशालाच शांतता म्हणावे, असे मला त्या रस्त्यावर वाटले. समुद्राची गाज, रेल्वेची शिटी, चाळीस पोरांचा कल्ला, हे सगळे त्या भरवशाच्या पोटात सुखाने मावते.

जूनमध्ये आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका रुजू झाली. तलासरीकडची, वारली समाजातली. रोजचा प्रवास जमेना म्हणून गावात खोली शोधत होती. चार घरांनी "विचार करून सांगतो" असे सांगितले. त्याचा अर्थ तिला कोणी समजावून द्यावा लागला नाही. आमच्या वाडीच्या कडेला चिकूच्या करंड्या ठेवण्याची एक पक्की खोली आहे. मी घरात विषय काढला. सासूबाई बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. त्यांच्या मनात काय काय येऊन गेले असेल, ते मी ओळखून होते. शेवटी म्हणाल्या, "करंड्या कुठे ठेवायच्या?"

करंड्या पडवीत गेल्या. खोलीला चुना दिला. पण दाराला कडी होती ती फक्त बाहेरून. करंड्यांना आतून कशाला लागते? मी सुताराला बोलावून आतून एक भक्कम कडी बसवून घेतली. भाडे ठरले, तिने ते आगाऊ दिले, आणि आम्ही घेतले. उपकार म्हणून दिलेल्या जागेत कोणाला झोप लागते?

आता रात्री वाडीत तिच्या खिडकीचा उजेड दिसतो. बहुधा वाचत असते. ओटीवरून तिला हाक मारावी असे मला फार वाटते, पण मी मारत नाही. यंदाच्या दिवाळीचा फराळ मात्र घेऊन जाणार आहे. दार ठोठावीन, आणि तिने कडी काढेपर्यंत बाहेर उभी राहीन.